कंबर आमची, प्रश्न कुणाचे?

रेल्वेत किंवा टपाल खात्यात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या माणसाला कंबरदुखी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. बीटर मारणारा गँगमन (आता कागदोपत्री त्याला ट्रॅक मेंटेनर म्हणतात), हातोडा खांद्यावर टाकून रोजची बीट चालणारा की-मन, फलाटावर थैल्या चढवणारा-उतरवणारा आर.एम.एस.चा कामगार, खड्ड्यांच्या रस्त्याने सायकल हाकणारा ग्रामीण डाक सेवक, या सगळ्यांची कंबर खात्याच्याच कामी आलेली असते. ज्या रुळाचे वजन दर मीटरला ५२ किंवा ६० किलो भरते, त्या रुळाशी आयुष्यभर झटापट केल्यावर मणक्यांनी तक्रार केली नाही तरच नवल. हे दुखणे एकट्या आपले नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो.

हाडाचा तुकडा पडला तर तो क्ष-किरणात दिसतो. बोट तुटले तर ते सगळ्यांना दिसते. कंबरदुखीचे तसे नाही. फोटोत मणका झिजलेला दिसतो आणि माणूस धावत असतो. फोटो स्वच्छ असतो आणि माणसाला बूट घालता येत नाही. म्हणून जगभरच्या डॉक्टरांनी एक साधा मार्ग काढला, तो म्हणजे दुखणाऱ्यालाच विचारायचे. काय करता येते, काय येत नाही, हे त्याने कागदावर खूण करून सांगायचे आणि खुणांची बेरीज करायची. हा मार्ग आम्हाला तत्त्वतः मान्य आहे. रुग्णाच्या शब्दाला किंमत देणारी पद्धत कामगाराच्या बाजूचीच म्हणावी लागेल. आमचे म्हणणे पुढचे आहे. दुखणाऱ्याला विचारायचे, तर ते त्याला समजेल अशा भाषेत आणि त्याच्या आयुष्यात बसेल असे विचारले पाहिजे. ते होत नसेल तर त्याची खूण त्याची राहत नाही.

युनियनच्या कामासाठी आम्ही साथींबरोबर दवाखान्यात आणि वैद्यकीय मंडळापुढे अनेकदा जातो. एका रुग्णालयात पाहिलेला प्रसंग सांगतो. आमच्या एका गँगमन साथीच्या हातात छापील इंग्रजी कागद दिला गेला. इंग्रजी येत नाही म्हटल्यावर तिथल्या एका तरुण कर्मचाऱ्याने घाईघाईने तोंडी भाषांतर सुरू केले. "काका, खुर्चीवर किती वेळ बसू शकता?" साथी म्हणाला, "खुर्चीवर बसायची पाळी कधी येते?" कर्मचाऱ्याने "हवा तितका वेळ" यावर खूण केली. पुढे विचारले, "जड वस्तू उचलू शकता का?" साथी म्हणाला, "उचलावीच लागते, साहेब." कर्मचाऱ्याने "उचलू शकतो" अशी खूण केली. दोन प्रश्नांत माणूस निम्मा बरा झाला! त्या मुलाच्या मनात खोट नव्हती. खोट कागदात होती, आणि तो कागद जसा वापरला गेला त्यात होती.

हे कागद आले कुठून, ते पाहिले पाहिजे. सर्वांत प्रसिद्ध प्रश्नावली ऑस्वेस्ट्रीची. ऑस्वेस्ट्री हे इंग्लंडमधील एक लहान शहर. तिथे अस्थिरोगांचे जुने रुग्णालय आहे. १९७६ पासून तिच्यावर काम चालले आणि फेअरबँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८० मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात दहा विभाग आहेत. वेदनेची तीव्रता, स्वतःची निगा, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, कामजीवन, लोकांत मिसळणे आणि प्रवास. प्रत्येक विभागात सहा वाक्ये असतात आणि त्यांना शून्यापासून पाचपर्यंत गुण असतात. एकूण ५० गुण. ते दुप्पट केले की टक्के निघतात. २० टक्क्यांपर्यंत किरकोळ, ४० पर्यंत मध्यम, ६० पर्यंत तीव्र, आणि त्यापुढे माणूस जवळजवळ अंथरुणाला खिळलेला, अशा पायऱ्या आहेत.

दुसरी प्रश्नावली रोलँड आणि मॉरिस या दोघांची. ती १९८३ ची. तिच्यात २४ वाक्ये आहेत आणि "आज माझ्या बाबतीत हे खरे आहे" असे वाटेल त्या वाक्यावर खूण करायची. जितक्या खुणा तितके गुण. गंमत अशी की ही वाक्ये मुळात एका अमेरिकन प्रश्नावलीतून घेतलेली आहेत. तिथल्या १३६ वाक्यांतून निवडून त्यांना "माझ्या कंबरेमुळे" हे शब्द जोडले. म्हणजे एका देशाचे प्रश्न दुसऱ्या देशात नेताना ते तपासून घ्यावे लागतात, हे खुद्द इंग्रजांनाही चुकले नाही. इंग्रजीतून इंग्रजीत नेतानाही जे करावे लागले, ते मराठीत नेताना नको कसे?

आता शब्द कुठे घसरतात ते पाहू. पहिलाच शब्द घ्या. इंग्रजीत ज्याला ते "बॅक" म्हणतात, त्यात मानेखालपासून माकडहाडापर्यंतचा सगळा भाग येतो. मराठीत आपण त्याचे दोन भाग करतो, वरची ती पाठ आणि खालची ती कंबर. "तुमच्या पाठीमुळे तुम्हाला वाकता येत नाही का?" असे विचारले, तर कंबरेत उसण भरलेला माणूस प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल. त्याची पाठ ठीक आहे. दुखते ती कंबर. वेदनेच्या शब्दांचेही तेच. कळ, ठणका, चमक, सणक, रग, मुंग्या हे आपल्याकडे वेगवेगळे अनुभव आहेत. गोळी घेतल्यावर ठणका थांबतो, पण पायात उतरणाऱ्या मुंग्या राहतात. सगळ्याला एकच "वेदना" शब्द लावला, तर पुस्तकी भाषा शुद्ध राहते आणि माहिती अशुद्ध होते.

रोलँड-मॉरिसमध्ये "ईझी चेअर"मधून उठताना आधार घ्यावा लागतो का, असे एक वाक्य आहे. कोशात पाहून कोणी त्याला "आरामखुर्ची" म्हणेल. रेल्वे क्वार्टरच्या दीड खोलीत आरामखुर्ची कुणाकडे आहे? आपला माणूस सतरंजीवर बसतो, पाटावर जेवतो आणि उठताना भिंतीला हात लावतो. त्याची खरी अडचण तिथे आहे. दुसरे वाक्य पायमोजे घालण्याचे. चपलेवर बटवडा करणाऱ्या डाक सेवकाला ते काय सांगणार? जिन्याच्या कठड्याचे वाक्य बैठ्या चाळीत राहणाऱ्याला लागू नाही. उलट उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठणे, पाण्याची घागर कमरेवर घेणे, ओणवे होऊन केर काढणे, लुगडे किंवा साडी नेसणे, यांतले काहीच तिथे नाही. आपल्या भगिनींची निम्मी कंबरदुखी या कागदाच्या बाहेरच राहते.

ऑस्वेस्ट्रीत चालण्याचे अंतर मैलात आणि यार्डात आहे. आपला गँगमन अंतर मोजण्यात कुणाला हार जाणार नाही. किलोमीटरचा दगड आणि विजेच्या तारांचे खांब तो रोज मोजतो. त्याला "किती खांब चालल्यावर थांबावे लागते?" असे विचारा, तो अचूक सांगेल. त्याला "पाव मैल" विचारले तर तो अंदाजाने मान हलवेल. वजनाच्या विभागात म्हटले आहे की जमिनीवरून जड वस्तू उचलता येत नाही, पण टेबलावर सोयीच्या जागी ठेवली असेल तर जमते. आमची थैली आणि आमचा स्लीपर टेबलावर ठेवणारे खाते अजून जन्माला यायचे आहे.

प्रवासाचे वाक्यही पाहा. दोन तास, एक तास, अर्धा तास अशा त्याच्या पायऱ्या आहेत. मूळ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बसून केलेला प्रवास असावा. कल्याणहून मुंबईला लोकलच्या दारात लोंबकळत जाणारा आणि बसायला जागा मिळालेला, या दोघांचा तास एक नाही.

कामजीवनाचा विभाग तर सरळ रिकामा राहतो. नवऱ्याच्या वतीने बायको, सासूच्या वतीने सून किंवा बापाच्या वतीने मुलगा कागद भरतो आहे, मागे रांग उभी आहे, अशा वेळी कोण उत्तर देणार? अनेक देशांतल्या अभ्यासकांना हाच अनुभव आला. २००१ मध्ये अमेरिकेत फ्रिट्झ आणि इर्गँग यांनी बदललेली ऑस्वेस्ट्री वापरली, तिच्यात या विभागाच्या जागी नोकरी आणि घरकाम हा विभाग घातला आहे. त्यांच्याकडे जे बदलता आले ते आमच्याकडेही विचारपूर्वक बदलता येईल.

एक गोष्ट मात्र शब्दांच्याही पलीकडची आहे. हे सगळे प्रश्न "करू शकता का" असे विचारतात. आमच्या माणसाचे आयुष्य "करावे लागते" यावर चालते. रजा शिल्लक नाही, सिक घेतली तर साहेब संशयाने पाहतो, कंत्राटी असेल तर दिवसाची मजुरी बुडते. "कंबरेमुळे मी बहुतेक वेळ घरीच असतो" यावर तो खूण करीत नाही, कारण घरी बसणे त्याला परवडत नाही. मग कागद सांगतो, हा धडधाकट आहे. ज्याची परिस्थिती जास्त बिकट, त्याचे गुण कमी! भाषांतर कितीही सुरेख केले तरी हा दोष जात नाही. तो घालवायचा तर "दुखत असूनही करावे लागते का, आणि केल्यावर पुढचे किती दिवस भोगावे लागते?" असे वेगळे विचारले पाहिजे.

हे आम्हीच म्हणतो असे नाही. या विषयाचे शास्त्र आहे. २००० साली बीटन, बाँबार्डियर, गिलमँ आणि फेराझ यांनी त्याचे नियम एकत्र मांडले. दोन जणांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे. त्यांतला एक विषय जाणणारा हवा आणि दुसरा मुद्दाम न जाणणारा हवा. दोन्हींचा मेळ घालायचा. मग मूळ कागद न पाहिलेल्या दोघांनी ते पुन्हा मूळ भाषेत आणायचे. त्यानंतर समिती बसते, आणि शेवटी ३० ते ४० रुग्णांना विचारून पाहायचे की वाचताना तुम्हाला काय समजले. समानता चार प्रकारची तपासायची, अर्थाची, वाक्प्रचाराची, अनुभवाची आणि कल्पनेची.

यातले उलट भाषांतर फार मोठी परीक्षा आहे असे समजले जाते. ती परीक्षा अपुरी आहे, हे ध्यानात ठेवावे. "ईझी चेअर"ची "आरामखुर्ची" केली आणि आरामखुर्चीची पुन्हा "ईझी चेअर" केली, तर शंभर पैकी शंभर गुण! कागद पास होतो आणि कामगार नापास होतो. ही चूक पकडणारे फक्त शेवटचे ३०-४० रुग्ण असतात. म्हणून ते रुग्ण कोण, हा आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न आहे. ते सगळे शहरातल्या दवाखान्यात येणारे शिकलेले, खुर्चीत बसून काम करणारे असतील, तर प्रश्नावली त्यांच्यापुरती खरी ठरेल.

काम झालेलेच नाही असेही आम्ही म्हणणार नाही. ऑस्वेस्ट्रीच्या मराठी रूपाची भारतीय रुग्णांवर तपासणी होऊन ती २०१३ मध्ये मणक्याच्या विकारांवरील आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. संधिवाताच्या क्षेत्रात तर आपल्याकडे आणखी चांगली उदाहरणे आहेत. १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने भिगवण येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली हाडा-सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी झाली. आपल्या सोलापूर मार्गावरचे हे स्टेशन सगळ्यांच्या माहितीचे आहे. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घरोघरी जाऊन, चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारण्यात आले. २००२ मध्ये भारतीय रुग्णांसाठी बदललेली संधिवाताची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिच्यात मांडी घालून बसणे, संडासात उकिडवे बसणे, रिक्षात चढणे-उतरणे, तीन किलोमीटर चालणे, भाजीबाजार करणे हे प्रश्न आले. म्हणजे जमते. मनावर घेतले की जमते.

"एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर काय बिघडते?" असे विचारणाऱ्यांसाठी थोडे गणित. समजा एका साथीने ऑस्वेस्ट्रीचे नऊ विभाग भरले आणि कामजीवनाचा रिकामा ठेवला. त्याचे गुण झाले १९. नियम असा की रिकाम्या विभागाचे गुण एकूण बेरजेतून वगळायचे, म्हणजे ४५ पैकी १९, सुमारे ४२ टक्के. ही पायरी "तीव्र" आहे. पण बेरीज करणाऱ्याने रिकाम्या जागी शून्य धरले, तर ५० पैकी १९, म्हणजे ३८ टक्के. पायरी झाली "मध्यम". माणूस तोच, कंबर तीच. लाजेने सोडलेल्या एका रकान्याने आणि आळसाने धरलेल्या एका शून्याने त्याचे दुखणे एक पायरी खाली उतरले. तसेच प्रत्येक विभागात एक वाक्य इकडे-तिकडे झाले तर दोन टक्के बदलतात. उपचाराने खरोखर फरक पडला असे मानायला साधारण दहा टक्क्यांचा बदल लागतो, असे तज्ज्ञांनी २००८ मध्ये ठरवले. पाच विभागांत एकेक वाक्य चुकीचे समजले की औषधाविना दहा टक्के सुधारणा!

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे "टक्के" हा शब्द. ऑस्वेस्ट्रीचे टक्के आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरचे टक्के यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अनेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. ते टक्के शासनाने ठरवलेल्या वेगळ्या मोजमापाने काढतात. मराठीत दोन्हींना "अपंगत्व" म्हटले की घोळ सुरू होतो. कोणी साथी ४२ टक्क्यांचा कागद घेऊन प्रमाणपत्र मागायला जातो आणि अपमानित होऊन परततो. कोणी अधिकारी ३८ टक्क्यांचा कागद पाहून "तू अपंग नाहीस, बीटर धर" म्हणतो. आमची सूचना आहे की मराठीत या मोजमापाला "अपंगत्व" न म्हणता "कंबरदुखीचा अडचण-अंक" म्हणावे. मूळ इंग्रजीतील वरच्या पायरीचे नाव तर "पांगळा" अशा अर्थाचे आहे. ते नाव मराठीत आणण्याचे काहीच कारण नाही.

आपल्या कायद्यांनीही कंबरेला नेहमी अंधारातच ठेवले. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोट, हात, पाय, डोळा गेल्यास किती टक्के ते लिहिलेले होते. झिजलेल्या कंबरेला त्या यादीत जागा नव्हती. तिथे डॉक्टरांच्या मतावर सगळे अवलंबून राहिले. २०१६ च्या कायद्याचे कलम २० सांगते की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येणार नाही किंवा खालच्या पदावर टाकता येणार नाही. तो त्या पदाला योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागेल. १९९५ च्या कायद्यातही असेच संरक्षण होते. पण त्या दारापर्यंत पोचायचे तर आधी दुखणे नोंदले गेले पाहिजे, आणि नोंद नीट विचारण्यावर अवलंबून आहे.

आमचेच काही साथी म्हणतील, प्रश्नावलीचे शब्द घासत बसण्यापेक्षा कामाचा बोजा कमी करायची मागणी करा. बोजा कमी करण्याची मागणी आम्ही सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण बोज्याने किती कंबरा मोडल्या याचा आपल्या हाती विश्वासार्ह हिशेब नसेल, तर वाटाघाटीच्या टेबलावर आपण काय ठेवणार? दुसरीकडे काही अधिकारी म्हणतील, प्रश्न सोपे केले की कामचुकार खोटी उत्तरे देतील. त्यांना आमचे उत्तर असे की ही प्रश्नावली खोटे पकडण्यासाठी केलेलीच नाही. ती उपचारासाठी केली आहे. तिच्यावरून कोणाला हलके काम द्यायचे वा नाकारायचे हे ठरवणेच गैर आहे. आणि न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर प्रामाणिक माणसाची उत्तरेही खोटीच पडतात.

हा प्रश्न फक्त महाराष्ट्राचा नाही. इटारसी, सिकंदराबाद, हुबळी, खडगपूर येथे आपला मराठी माणूस तिथल्या भाषेतल्या दवाखान्यात बसतो. भुसावळ आणि दौंडला बिहार-ओडिशाचा तरुण ट्रॅक मेंटेनर मराठी कागदापुढे तितकाच मुका असतो. आपल्यासाठी मराठी मागताना त्याच्यासाठी त्याची भाषा मागणे हे आपले कर्तव्य आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

१. कंबरदुखीची प्रश्नावली कामगाराला त्याच्या भाषेत, तपासून सिद्ध झालेल्या रूपातच द्यावी. जागच्या जागी केलेले तोंडी भाषांतर नोंदीत धरू नये.

२. वाचता न येणाऱ्यास प्रशिक्षित व्यक्तीने ठरलेल्या शब्दांतच वाचून दाखवावे आणि उत्तर कामगाराच्या शब्दांत लिहावे. भगिनींसाठी स्त्री कर्मचारी असावी.

३. नवी रूपे तपासताना गँगमन, की-मन, थैल्या उचलणारे, डाक सेवक आणि सफाई कामगार यांना चाचणीत घ्यावे, आणि समितीत युनियनचा प्रतिनिधी असावा.

४. मूळ प्रश्नावलीला धक्का न लावता कामाचे पुरवणी प्रश्न जोडावेत. उकिडवे बसणे, जमिनीवरून उचलणे, रात्रपाळी, सायकल आणि "दुखत असूनही करावे लागते का" हे त्यांत यावेत.

५. रिकाम्या रकान्याला शून्य धरू नये. बेरजेची प्रत कामगारास द्यावी.

६. या गुणांचा वापर उपचारासाठीच व्हावा. सिक, फिट किंवा हलके काम केवळ त्यांवरून ठरवू नये.

प्रत्येक शाखेने एक छोटे काम आजच करता येईल. पुढच्या सभेत चार-पाच ज्येष्ठ साथींना विचारा की कंबर दुखते तेव्हा नेमके काय जमत नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवा. वऱ्हाडातला शब्द वेगळा येईल, कोकणातला वेगळा, खानदेशातला वेगळा. येऊ द्या. तज्ज्ञांना विद्या आहे, पण हे शब्द आपल्याकडेच आहेत. ते आपण दिले नाहीत, तर आपल्या कंबरेचे उत्तर दुसऱ्याच कोणाच्या आरामखुर्चीत बसून लिहिले जाईल.